दार कुठे ठेवायचं

व्यायामशाळेचा नकाशा काढायचं काम धाकटीकडे आलं, तेव्हा तिनं पहिल्यांदा काय केलं असेल, तर दादाला सांगायचं टाळलं.

काम तसं मनासारखं होतं. शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत एक व्यायामशाळा बांधायची. दिवसा शाळेची मुलं वापरतील, सकाळ-संध्याकाळ आजूबाजूच्या वस्तीतली माणसं. नगरपालिकेनं ठराव केला होता, शाळेनं जागा देऊ केली होती. ऑफिसातल्या साहेबांनी फाइल तिच्या टेबलावर ठेवताना म्हटलं होतं, "तुझं माहेर त्याच भागात ना? मग तूच बघ. माणसं ओळखीची असली की अर्धं काम तिथंच होतं."

उरलेलं अर्धं दुप्पट होऊन बसतं, हे साहेबांना कोण सांगणार? त्या मोकळ्या जागेत, शाळेच्या कुंपणाला पाठ टेकून, एक पत्र्याची शेड उभी होती. आणि ती शेड दादाची होती.

दादा तिचा सख्खा भाऊ, तिच्याहून पुष्कळच मोठा. धंद्यानं वेल्डर. वडील लवकर गेल्यावर घराचा गाडा त्यानंच ओढला. "धाकटी" हे नावही त्याचंच. तिच्या केसांत पांढरी बट आली, हाताखाली चार माणसं काम करू लागली, तरी ते नाव काही तिला सोडत नव्हतं. शेड दादानं ऐन तरुणपणी उभी केली. तेव्हाच्या हेडमास्तरांनी "बांध बाबा, रिकामी तर पडलीय जागा," असं तोंडी म्हटलं होतं, तेवढ्यावर. भंगारातले पत्रे, स्वतः जोडलेले सांगाडे, गाडीच्या चाकांपासून बनवलेली वजनं. आत तेलाचा, घामाचा आणि गंजाचा वास. नाक्यावर टवाळक्या करणारी पोरं निदान दोन तास तरी तिथे घाम गाळू लागली. पोरं मोठी झाली, कामाधंद्याला लागली, आणि मग आपल्या धाकट्या भावांना पाठवू लागली. दादानं कधी कोणाला विचारलं नाही की तू कोण, कुठला. फक्त एवढंच सांगायचा, "वजन आपटायचं नाही. जसं उचललं तसं खाली ठेवायचं."

धाकटी लहानपणी रोज संध्याकाळी त्याचा डबा घेऊन तिथे जायची. डबा खिडकीतून आत द्यायचा आणि परत फिरायचं, असा शिरस्ता. मुलींनी आत यायचं नाही, हे कोणी सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती. ती डबा देऊन थोडा वेळ खिडकीच्या गजांना धरून उभी राहायची आणि मग घरी जायची.

अर्थात बातमी दादाला कळायची ती कळलीच, आणि तीही शेडमधल्या एका पोराकडून. त्यानं फोन केला नाही. रविवारी ती माहेरी गेली, तेव्हा तो अंगणात सायकलची चेन घासत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "आमच्या डोक्यावरचे पत्रे काढायचं कंत्राट घेतलंस म्हणे."

"पत्रे काढून वर छप्पर घालायचं आहे, दादा. चांगलं, पक्कं."

"कोणाच्या डोक्यावर?"

स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी म्हणाली, "अहो, तिला आत तर येऊ द्या. भांडण काय चहाबरोबरही करता येतं."

*

पहिली बैठक शाळेच्या सभागृहात झाली. एका बाजूला शाळेच्या मुख्याध्यापिका. मुलांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत, आणि दिसायला त्या अगदीच लहानखुऱ्या होत्या. दुसऱ्या बाजूला दादा, हातांची घडी घालून. मागच्या बाकांवर वस्तीतली चाळीसएक माणसं.

मोठ्या बाईंनी आडपडदा ठेवला नाही. "व्यायामशाळा हवी, वस्तीनं वापरावी, माझी ना नाही. पण दारं दोन पाहिजेत. मुलांचं शाळेच्या बाजूनं, बाकीच्यांचं रस्त्याच्या बाजूनं. माझं एकही मूल आणि बाहेरचा एकही मोठा माणूस समोरासमोर येता कामा नये."

"बाहेरचा म्हणजे?" दादानं विचारलं. "आमची पोरं तुमच्याच शाळेत शिकलीत."

"शिकली तेव्हा माझी होती. आता त्यांना दाढ्या आल्यात."

मागे हशा पिकला. दादा हसला नाही. त्याचं म्हणणं दोनच वाक्यांचं होतं. संध्याकाळची वेळ आजवर शेडच्या पोरांची आहे, ती तशीच राहिली पाहिजे. आणि वस्तीच्या बाजूची किल्ली त्याच्याकडे असली पाहिजे.

धाकटीनं दोघांचं सगळं ऐकून घेतलं आणि ऑफिसात येऊन मान मोडून काम केलं. नकाशा उतरला तो खरंच देखणा होता. मधोमध लाकडी जमिनीचा मोठा हॉल, उंचावर खिडक्या, म्हणजे उजेड येईल पण खेळणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन येणार नाही. मुलांचं दार मैदानाकडे, वस्तीचं दार गल्लीकडे. दोन्हींकडे आपापली स्वच्छतागृहं, आपापली कपाटं, आणि मध्ये एक बोळ असा वळवलेला, की एका दारानं आलेल्या माणसाला दुसऱ्या दारानं आलेल्याचा पायरवसुद्धा ऐकू येऊ नये. लाकडी जमिनीवर लोखंड ठेवता येत नाही, म्हणून वजनांसाठी मागच्या बाजूला वेगळी खोली, खाली जाड रबर.

साहेब खूश झाले. मोठ्या बाई म्हणाल्या, "अगदी माझ्या मनातलं काढलंत." धाकटीला मात्र ती शाबासकी कुठे तरी खुपली. शाळेत असताना कधी कधी प्रश्न नीट न वाचता सुरेख अक्षरात उत्तर लिहून व्हायचं आणि बाई चुकून पूर्ण गुण द्यायच्या, तेव्हा वाटायचं तसं.

दादानं नकाशावर बोट फिरवलं. बोट मागच्या खोलीशी थांबलं. "ही काय? अडगळीची खोली?"

"वजनांची खोली आहे. तुझी."

"म्हणजे तेच."

दुसऱ्या बैठकीत हा नकाशा भिंतीवर लावला होता, शेजारी वेळांचा तक्ता. पहाटे ज्येष्ठ मंडळी, मग दिवसभर शाळा, संध्याकाळी वस्तीचा व्यायाम, म्हणजे दादाची पोरं. सगळं मार्गी लागल्यासारखं वाटत होतं. लोक उठायच्या बेतात होते. तेवढ्यात मागच्या बाकावरून वहिनीचा आवाज आला. ती शेजारच्या बायकांबरोबर आली आहे, हेसुद्धा धाकटीच्या लक्षात आलं नव्हतं.

"आम्ही कधी यायचं?"

दादा वळला. "तुम्ही म्हणजे?"

"बायका. आणि मोठ्या मुली."

"दुपारी या की. दुपारी मोकळ्याच असता."

"दुपारी शाळा आहे," वहिनी शांतपणे म्हणाली. "तक्त्यात लिहिलंय. आणि दुपारी मोकळं कोण आहे? ही दुकानात असते, ती दवाखान्यात साफसफाईला जाते, मी शिवणाच्या कारखान्यात असते. तुम्हाला डबा कोण पाठवतं हे माहितीय, मी कुठून पाठवते हेही माहीत करून घ्या कधी तरी."

या वेळी हशा पिकला तो बायकांच्या बाजूनं. दादाचे कान लाल झाले. पण धाकटी हसू शकली नाही. ती तक्त्याकडे बघत राहिली. तक्ता तिनंच केला होता. दादाला सुचलं नाही, मोठ्या बाईंना सुचलं नाही, ते एक वेळ ठीक. खिडकीच्या गजांना धरून कोण उभं राहायचं? ती स्वतः. आणि तिनंच आखलेल्या इमारतीत, जिथे बोळाच्या वळणाचासुद्धा विचार केला होता, तिथे बायकांना वेळ ठेवायची राहून गेली होती.

"हा नकाशा बाजूला ठेवू," ती म्हणाली. साहेब तिथे असते तर त्यांनी कपाळाला हात लावला असता. "बांधण्याआधी वापरून बघू. या सभागृहात. जमिनीवर पट्ट्या चिकटवून व्यायामशाळा आखते. वेळा ठरवू, आणि वार्षिक परीक्षा लागेपर्यंत सगळ्यांनी यायचं. काय जमत नाही ते तेव्हाच कळेल."

मोठ्या बाईंनी बराच वेळ चष्मा पुसला. "ठीक आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "पण रोज मी स्वतः इथे थांबणार."

*

जमत काय नाही, ते पहिल्याच आठवड्यात कळलं. सभागृहाला दार एकच, तेही अरुंद. शाळा सुटल्यावर खेळाच्या तासाची मुलं बाहेर पडायची आणि त्याच वेळी दादाची पोरं आत शिरायची. बुटांचा खच पडायचा. कोणाचा बूट कोणाच्या पायात जायचा. पहाटेची ज्येष्ठ मंडळी खुर्च्या जाग्यावर ठेवायची नाहीत, शाळेचा शिपाई त्यावरून दिवसभर कुरकुरायचा. धाकटी रोज कोपऱ्यात बसून हे सगळं टिपून घ्यायची. तिला त्यात मजाही येत होती, हे ती कोणाला सांगत नव्हती. इतकी वर्षं ती रिकाम्या इमारती काढत आली होती. कागदावर माणसं कधी उशिरा येत नसत आणि बूट विसरून जात नसत.

मग ते घडलं. शेडमधली वजनं रोज आणावी लागत. एका संध्याकाळी शेडमधला एक तरुण लोखंडी चकत्या छातीशी धरून दारातून आत येत होता, आणि आतून मुलांचा लोंढा आला. कोणाचा तरी धक्का लागला. वरची चकती निसटली आणि पहिलीतल्या एका मुलीच्या पायापासून वीतभर अंतरावर पडली. फरशीला तडा गेला. आवाज असा झाला की मैदानातले लोकही धावत आले.

मुलीला काही झालं नव्हतं. ती रडलीसुद्धा नाही, तिला त्या तुटलेल्या फरशीचंच कौतुक वाटत होतं. पण मोठ्या बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी मुलीला जवळ घेतलं, तिचे दोन्ही पाय हातांनी चाचपून पाहिले, आणि मग धाकटीकडे बघून म्हणाल्या, "उद्यापासून बंद."

दादानं ती चकती उचलली आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी पट्ट्या काढायला शाळेत आली, तर मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर दादा उभा. धुतलेला शर्ट, विंचरलेले केस. शिक्षा झालेला विद्यार्थी उभा राहतो तसा, भिंतीला न टेकता. बाईंनी दोघांनाही आत बोलावलं. खोलीत पालकांसाठी ठेवलेली खुर्ची फारच लहान होती, दादा तिच्यावर कसाबसा मावला.

"चूक माझी," तो म्हणाला. "पोराची नाही. गर्दीच्या वेळी लोखंड आणू नये, हे मला कळायला पाहिजे होतं. घाई झाली, कारण मला वाटत होतं की आमची वेळ कोणी तरी खाऊन टाकतंय."

मोठ्या बाई म्हणाल्या, "रोज संध्याकाळी शेवटचं मूल फाटकाबाहेर जातं ना, तेव्हा मी श्वास सोडते. इतकी वर्षं झाली, सवय काही होत नाही. लोकांना वाटतं ही बाई खडूस आहे. तुमच्या पोरांचा मला राग नाही हो. ती आली की माझी ती श्वास सोडायची वेळ पुढे जाते, एवढंच."

दादानं मान डोलावली. "मी शेडला कुलूप लावतो तेव्हा सगळी वजनं जागेवर आहेत का बघतो. परत एकदा बघतो. मग अर्ध्या वाटेवरून परत येऊन कुलूप ओढून बघतो."

"अर्ध्या वाटेवरून?" बाईंनी विचारलं. "मी घरी जाऊन परत आलेय." आणि त्या हसल्या.

प्रयोग पुन्हा सुरू झाला, काही नव्या नियमांसह. वजनं आणायची ती मुलं घरी गेल्यावरच. आणि एक दिवसाआड संध्याकाळ बायकांची. हे दुसरं दादानं कबूल केलं, पण तोंड कडू करून.

*

बायकांच्या पहिल्या संध्याकाळी दादा आलाच. कुलूप बघायला आलो, असं म्हणाला. पण दार आतून ओढून घेतलेलं होतं, आणि त्याला आत यायचं नव्हतं, कारण नियम त्यानंच मान्य केला होता. तो दाराबाहेर पायरीवर बसला. धाकटी मोजमाप घेऊन बाहेर आली, तेव्हा फटीतून आतलं थोडं दिसत होतं.

आत बायका पदर खोचून, ओढण्या बांधून व्यायाम करत होत्या. खेळाच्या बाई शिकवत होत्या. त्यातला अर्धा वेळ त्या हसतच होत्या. वहिनी मात्र हसत नव्हती. तिनं कोपऱ्यातली लहान वजनाची दांडी उचलली होती. एकदा डोक्यावर नेली, खाली आणली, आवाज न करता ठेवली. पुन्हा उचलली. तिच्या चेहऱ्यावर असा काही भाव होता की धाकटीला नजर काढून घ्यावीशी वाटली. एखादी व्यक्ती एकटी असताना आपण चुकून तिच्या खोलीत शिरावं, तसं वाटलं.

"उजवीकडे भार जास्त घेतेय," दादा पुटपुटला.

"काय?"

"अगं, उजव्या खांद्यावर. उद्या दुखेल तिला. कोणी तरी सांगायला पाहिजे."

"तू सांग."

"मी कसा आत जाऊ? बायकांची वेळ आहे."

तो उठला, पुन्हा बसला. मग दाराकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून, मोठ्यानं ओरडला, "डावा पाय थोडा मागे घे! आणि उजवा खांदा सैल सोड!"

आतून वहिनीचा आवाज आला. मोठा नाही, पण स्वच्छ. "इतकी वर्षं घरात पाण्याच्या बादल्या उचलत होते, तेव्हा नाही सांगितलंत कधी!"

बायकांचं हसू दाराबाहेर फुटलं. दादाही हसेल, उलट उत्तर देईल, असं धाकटीला वाटलं. पण तो हसला नाही. तो आपल्या तळव्यांकडे बघत राहिला. वेल्डिंगचे जुने डाग होते त्यांवर.

दोघं घराकडे निघाली. वहिनी मैत्रिणींबरोबर पुढे निघून गेली होती, तिची चाल लांबूनही ओळखू येत होती. धाकटी म्हणाली, "लहानपणी डबा दिल्यावर मी तुझ्या खिडकीशी उभी राहायचे. आठवतं?"

"आठवतं ना. रिकामा डबा परत न्यायला थांबायचीस."

"डबा तू रात्री घरी आणायचास, दादा."

तो चालता चालता थांबला. मग पुन्हा चालू लागला. "मग का थांबायचीस?"

"बघायला."

कोपऱ्यावर, तिची बस यायच्या आधी, तो एवढंच म्हणाला, "बोलली असतीस तर..." आणि वाक्य तसंच सोडलं. बोलली असतीस तर आत घेतलं असतं, असं त्याला म्हणायचं होतं की काय, कोण जाणे. कदाचित त्यालाही खात्री नव्हती, आणि खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

*

नवा नकाशा काढायला धाकटीला वेळ लागला. बोळ तिनं आधी खोडला. दोन दारांनी सगळ्यांची सोय होत होती, पण त्यात कोणाचीच कोणाशी ओळख होणार नव्हती. आणि ओळख नसली की फक्त भीतीच उरते, हे तिनं त्या अरुंद दारात पाहिलं होतं. पण तडा गेलेली फरशीही तिनंच पाहिली होती. नुसतं एकच दार ठेवून भागणार नव्हतं.

तिनं दारासमोर जागा ठेवली. रुंद, छपराखालची, तिन्ही बाजूंनी मोकळी, भिंतीला लागून लांब बाक. येणाऱ्यांनी इथे बूट काढायचे, जाणाऱ्यांनी इथे घालायचे, आणि दहा-पंधरा माणसं इकडे तिकडे झाली तरी कोणाच्या अंगावर कोणी येणार नाही. लहान मुलांना मैदानाकडे थेट जाणारी वाट वेगळी ठेवली, पण त्या वाटेवरूनही बाक दिसेल अशी. खेळाच्या शिक्षकांची खोली या जागेच्या अगदी तोंडावर घेतली, तिला मोठी काच. आणि वजनांची खोली मागून उचलून पुढे आणली, बाकाच्या शेजारी, खाली रबर, भिंत जाड, वजनं कायम तिथेच. हॉल मुलांचा, बायकांचा, म्हाताऱ्यांचा, ज्याची वेळ असेल त्याचा. वजनांची खोलीही तशीच.

मोठ्या बाईंनी नकाशा दोन दिवस ठेवून घेतला. मग फोन केला. "ही जी बसायची जागा केलीत, तिथेच सगळा गोंधळ होणार आहे."

"हो," धाकटी म्हणाली. "गोंधळ व्हायचाच असेल तर तो उजेडात आणि तुमच्या नजरेसमोर व्हावा, असं वाटलं."

"त्या खोलीची काच आणखी थोडी मोठी करा," बाई म्हणाल्या.

दादानं बोट पुन्हा नकाशावर फिरवलं. या वेळी बोट पुढच्या बाजूला थांबलं. "किल्ली?"

"तीन. शाळेकडे एक, तुझ्याकडे एक, वहिनीनं काढलेल्या बायकांच्या मंडळाकडे एक."

"बायकांच्या मंडळाकडे म्हणजे आमच्याच घरात," तो म्हणाला. "एका खिळ्यावर दोन किल्ल्या."

"वेगळा खिळा ठोका," आतून वहिनी म्हणाली.

शेड त्यानं कोणाला पाडू दिली नाही. स्वतःच उतरवली. एक एक पत्रा, एक एक स्क्रू. जुनी पोरं, ज्यांची आता पोटं सुटली होती, मदतीला आली. काही जण म्हणाले की संध्याकाळी रोज यायला मिळणार नसेल तर कशाला, आणि ते दुसरीकडे जाऊ लागले. दादाला ते लागलं. त्यानं ते बोलून दाखवलं नाही, पण त्या महिन्यात तो वारंवार आपल्या वेल्डिंगच्या दुकानातच बसून असायचा.

इमारत उभी राहिली. सगळंच मनासारखं झालं असं नाही. भिंत कितीही जाड केली तरी वजनांचा धप्प आवाज हॉलमध्ये येतोच, आणि गाण्याच्या तासाला मोठ्या बाईंचा शिपाई 'जरा हळू ठेवा' असा निरोप घेऊन वजनांच्या खोलीत जातो. पहाटेची ज्येष्ठ मंडळी खुर्च्या अजूनही हलवून ठेवतात. दादानं आपल्या दोन संध्याकाळी शाळेच्या मोठ्या मुलामुलींना शिकवायला दिल्या. मुलींना शिकवताना तो सुरुवातीला छताकडे बघून बोलायचा. एका मुलीनं "सर, छत पडतंय का?" असं विचारल्यावर तो समोर बघू लागला.

उद्घाटनाला धाकटी गेली होती, पण त्या दिवशी हार आणि भाषणं होती, इमारत दिसलीच नाही. नंतर एका साध्या संध्याकाळी, दुसऱ्या कामावरून परतताना, ती बसमधून मध्येच उतरली. शाळा सुटली होती. बाकावर काही मुलं बूट बांधत होती, एक आजी गुडघ्याला पट्टा गुंडाळत होत्या, दोन तरुण आपली वेळ व्हायची वाट बघत भिंतीला टेकून उभे होते. काचेपलीकडे खेळाच्या बाई वर्तमानपत्र वाचत होत्या. मोठ्या बाई मैदानाच्या टोकाशी उभ्या होत्या, पण त्यांची पाठ इकडे होती.

धाकटी बाकाच्या कडेला बसली. कोणी तिला ओळखलं नाही. वर छताच्या सांध्यापाशी पाण्याची एक बारीक रेघ उतरलेली दिसत होती. कंत्राटदाराला सांगायला हवं, अशी तिनं मनात नोंद केली आणि मग ती नोंद लगेच विसरलीही, कारण कोणाचा तरी चेंडू तिच्या पायाशी आला आणि तो परत द्यावा लागला.

खांद्याला मोठी पिशवी लटकवलेली एक बाई घाईघाईनं आली. कामावरून थेट आलेली दिसत होती. "कोणाला न्यायला आलात का?" तिनं धाकटीला विचारलं.

"नाही. जरा बसलेय."

"मग थोडं तिकडे सरका की," बाई म्हणाली. "बूट काढायचेत."

धाकटी सरकली.